शितावरून भाताची परीक्षा

पगाराची स्लिप आली की आपण सगळे आधी सगळ्यात खालचा आकडा बघतो. मधल्या कापाकापीकडे लक्ष जात नाही. तिथे पीएफ असतो, टीडीएस असतो आणि एक अगदी बारकी ओळ असते: पी. टी. २००. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे होतात अडीच हजार. आमच्या ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलांना विचारलं, हे दोनशे कशाचे रे? एक म्हणाला, "पालिकेचे असतील." दुसरा म्हणाला, "प्रॉपर्टी टॅक्स ना?" बिचारा मीरा रोडला तिघांत मिळून भाड्याच्या घरात राहतो, त्याला कोण प्रॉपर्टी टॅक्स लावणार! :)

तर हा व्यवसाय कर. महाराष्ट्र सरकारने तो १९७५ साली लावला, आणि लावताना कारण दिलं ते रोजगार हमी योजनेचं. शहरात नोकरीधंदा करणाऱ्यांनी थोडे पैसे द्यायचे, सरकारने त्यात आपली भर घालायची, आणि खेड्यात जो काम मागायला येईल त्याला काम द्यायचं. म्हणजे विरारची फास्ट पकडून अंधेरी-चर्चगेटला जाणाऱ्या माणसाच्या खिशातून माण-खटावच्या पाझर तलावाला पैसे. कल्पना म्हणून मला ती अजूनही विलक्षण वाटते.

आता दुसरा कागद घ्या. रेशन कार्ड. आपल्या इमारतीतल्या बहुतेकांचं ते कपाटात पासपोर्टच्या फायलीत पडलेलं असतं, पत्त्याचा पुरावा म्हणून. पण त्याचा रंग कोणता, पिवळा, केशरी की पांढरा, यावर या शहरातल्या लाखो माणसांचं पुष्कळ काही ठरतं.

या दोन कागदांच्या मागे मागे जात राहिलं की वाट पुण्यात डेक्कनवर, बीएमसीसी रस्त्याला, गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या दारात येऊन पोचते. "अर्थशास्त्रातल्या संशोधनाचा आपल्याला काय उपयोग? प्रबंध लिहितात, ग्रंथालयात ठेवतात, धूळ खातात" असं जे लोक म्हणतात (आमच्या घरातही म्हणतात, नावं घेत नाही!) त्यांच्यासाठी ही गोष्ट. मात्र ती संशोधनाची आरती नाही. त्या संशोधनातलं सोपं अर्धं आपल्या शहरांनी उचललं आणि महत्त्वाचं अर्धं खेड्यात ठेवून दिलं, अशी माझी तक्रार आहे.

वि. म. दांडेकर १९६६ पासून १९८० पर्यंत गोखले संस्थेचे संचालक होते. त्यांच्याआधी धनंजयराव गाडगीळ, म्हणजे संस्था सुरू झाली त्या १९३० सालापासून. दांडेकर शिक्षणाने संख्याशास्त्राचे. त्यांचे सहकारी नीलकंठ रथ, मूळ ओडिशाचे, पुण्यात आले आणि पुण्याचेच झाले. या दोघांनी मिळून भारतातल्या दारिद्र्याचा एक अभ्यास केला आणि तो जानेवारी १९७१ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'च्या दोन अंकांत आला.

त्यांचा प्रश्न साधा होता. देशात किती माणसांना पोटभर खायला मिळत नाही? त्यांनी माणशी दिवसाला २,२५० कॅलरी हे माप धरलं आणि राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांतून बघितलं, की किती खर्च करणाऱ्या घरात एवढं अन्न पोचतं. उत्तर आलं ते १९६०-६१ च्या किमतींनी असं: खेड्यात माणशी वर्षाला १८० रुपये, शहरात २७०. म्हणजे खेड्यात दिवसाला आठ आणे आणि शहरात बारा आणे. त्यातच कपडालत्ता, त्यातच रॉकेल, त्यातच औषध. आणि एवढंही ज्यांच्याकडे नाही अशी माणसं खेड्यात सुमारे ४० टक्के, शहरात सुमारे ५० टक्के!

शहरातला आकडा खेड्यापेक्षा मोठा, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. दांडेकर-रथांचं म्हणणं असं होतं की शहरातली गरिबी ही खेड्यातूनच ओसंडून आलेली आहे. तिकडे पोट भरत नाही म्हणून माणूस इकडे येतो. तेव्हा उपाय करायचा तर उगमाशी करा. खेड्यात सरकारने सार्वजनिक कामं काढावीत, काम मागणाऱ्याला किमान जगता येईल एवढी मजुरी द्यावी आणि त्याचा खर्च वरच्या थरातल्या लोकांकडून वसूल करावा.

म्हणजे एकाच अभ्यासात दोन गोष्टी होत्या. एक रेषा आणि एक उपाय. रेषा मोजण्यासाठी, उपाय जगवण्यासाठी.

रोजगार हमीचं श्रेय मात्र एकट्या प्राध्यापकांना देता येणार नाही. ती योजना वि. स. पागे यांची. विधान परिषदेचे सभापती, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. १९६५ च्या सुमाराला त्यांनी आपल्या भागात तिचा प्रयोगही केला होता. मग १९७२ चा दुष्काळ आला आणि जे कागदावर होतं ते रस्त्यावर आणावंच लागलं. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. हमीचा कायदा झाला १९७७ साली, अमलात आला २६ जानेवारी १९७९ ला. एका राजकारण्याचं डोकं, अभ्यासकांची आकडेमोड आणि एक भयंकर दुष्काळ अशा तीन गोष्टी एकत्र आल्या तेव्हा ते झालं. संशोधनाचं असंच होत असावं, ते तयार होऊन बसतं आणि वेळ आली की कामाला येतं.

आमची मोठी आत्या माण तालुक्यातली. बहात्तरच्या दुष्काळाचं नाव काढलं की तिला मिलो ज्वारीच्या लाल भाकरीची आणि सुकडीची आठवण येते. ती स्वतः खडी फोडायला गेली होती. ती एक गोष्ट नेहमी सांगते. कामावर जायला कुणी दाखला मागितला नाही. "तू गरीब आहेस का गं?" असं कुणी विचारलं नाही. उन्हातान्हात खडी फोडायला हौसेनं कोण येणार? जो आला तो गरजू, विषय संपला. गावातला सधन माणूस तिकडे फिरकला नाही. फिरकला असता तरी संध्याकाळपर्यंत टिकला नसता.

अर्थशास्त्रात याला स्वयंनिवड म्हणतात. माणूस स्वतःच स्वतःला निवडतो. सरकारने घरोघर जाऊन गरीब शोधायचे नाहीत. दार उघडं ठेवायचं आणि आत येण्याची किंमत अशी ठेवायची, की ज्याला गरज नाही तो आपण होऊनच येणार नाही. आत्याने अर्थशास्त्राचं एक पान वाचलेलं नाही, पण तिला हे पक्कं कळलेलं आहे.

आता रेषेचं काय झालं ते बघू.

रेषेला पुढे मोठं घराणं लाभलं. १९७९ साली नियोजन आयोगाच्या कार्यगटाने खेड्यासाठी २,४०० आणि शहरासाठी २,१०० कॅलरी धरल्या. दरम्यान पां. वा. सुखात्मे, तेही आपलेच, यांनी कॅलरीच्या सरासरीवरच हरकत घेतली होती. प्रत्येक शरीराची गरज वेगळी असते, एकाच माणसाची रोजची गरजही बदलते, तेव्हा सरासरीच्या खाली दिसला तो प्रत्येक जण उपाशी असं कसं म्हणता? दांडेकर आणि सुखात्मे यांचा हा वाद चांगला गाजला. मग डी. टी. लकडावाला, मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागातले. त्यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाचा अहवाल १९९३ मध्ये आला. मग सुरेश तेंडुलकर, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे. त्यांचा २००९ मध्ये. मग २०१४ मध्ये रंगराजन. यातली कितीतरी नावं आपल्याच पुण्या-मुंबईची आहेत.

२०११ च्या सप्टेंबरातला गदारोळ बऱ्याच जणांना आठवत असेल. नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं, की शहरात माणशी दिवसाला ३२ रुपये आणि खेड्यात २६ रुपये ही दारिद्र्यरेषा. टीव्हीवर आठवडाभर तेच. बत्तीस रुपयांत काय येतं, म्हणून लोक कॅमेऱ्यासमोर केळी विकत घेत होते. तेंडुलकर त्याच वर्षी जूनमध्ये वारले होते, त्यामुळे आपल्या रेषेची ही धिंड त्यांना बघावी लागली नाही.

पण सगळ्या हशात मुद्दा निसटला. बत्तीस रुपये कमी आहेत हे खरंच, पण माझ्या मते खरी चूक ती नव्हती. चूक ही, की मोजायला काढलेली रेषा चाळणी म्हणून वापरली गेली.

शितावरून भाताची परीक्षा, असं आपण म्हणतो. पातेल्यातलं एक शीत काढून बोटाने दाबलं की भात झाला की नाही ते कळतं. नमुना पाहणी हीच. देशभरातली काही हजार घरं निवडायची, त्यांचा खर्च विचारायचा आणि पातेल्याचा अंदाज करायचा. पद्धत उत्तम. दांडेकर-रथांनी तेच केलं आणि पातेलं निम्मं कच्चं आहे हे देशाला सांगितलं. पण त्याच परीक्षेवरून तुम्ही मला असं सांगू शकाल का, की पातेल्यातलं नेमकं कोणतं शीत कच्चं राहिलंय? नाही सांगू शकणार. "किती गरीब आहेत" या प्रश्नाचं उत्तर देणारं हत्यार "कोण गरीब आहे" या प्रश्नाला लावलं की ते मोडतं, आणि मोडताना माणसांना लागतं.

ते लावलं गेलं. १९९७ पर्यंत रेशन सगळ्यांसाठी होतं. (दुकानासमोर साखरेसाठी, पामतेलासाठी पिशव्यांची रांग लावून ठेवलेली आठवतेय का? माणसं झाडाखाली गप्पा मारत आणि पिशव्या रांगेत उभ्या!) १९९७ मध्ये केंद्राने दारिद्र्यरेषेच्या खालचे आणि वरचे असे दोन भाग केले. महाराष्ट्राने १ मे १९९९ पासून तीन रंग काढले. कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न १५ हजारांपर्यंत असेल तर पिवळं, तिथून एक लाखापर्यंत केशरी, त्यावर पांढरं. मग २०१३ मध्ये अन्नसुरक्षा कायदा आला आणि महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. त्यात केशरीचेही दोन झाले: 'प्राधान्य कुटुंब' असा शिक्का असलेलं आणि शिक्का नसलेलं. शिक्केवाल्यांना माणशी महिन्याला ५ किलो धान्य, आणि २०२३ पासून तेही फुकट. बिनशिक्केवाल्यांच्या हातात नुसतं कार्ड.

शिक्का कुणाला? शहरात वर्षाचं कौटुंबिक उत्पन्न ५९ हजारांपर्यंत असेल त्याला. खेड्यात ४४ हजारांपर्यंत.

हे ५९ हजार मी एकदा कागदावर मांडून बघितले. पाच माणसांचं घर धरलं तर माणशी दिवसाला येतात ३२ रुपये आणि वर काही पैसे. ओळखीचा वाटतो ना आकडा? ज्या बत्तीस रुपयांवर सगळा देश हसला होता, ते इथे कौटुंबिक वार्षिक उत्पन्नाचे कपडे घालून येऊन बसलेत, आणि आता कुणी हसत नाही.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी भाईंदर पूर्वेला राहतात. मूळच्या जालन्याकडच्या. यजमान स्टीलच्या भांड्यांच्या गाळ्यात पॉलिशचं काम करतात. (भाईंदरची स्टीलची भांडी सगळीकडे जातात. त्यांच्यावरच्या चकाकीमागे या लोकांची फुप्फुसं असतात, पण तो वेगळा विषय.) मावशी चार घरची कामं करतात. दोघांचे मिळून हातात येतात ते पैसे आणि खोलीचं भाडं यांची बेरीज-वजाबाकी त्या मला पोळ्या लाटता लाटता सांगतात. केशरी कार्ड आहे, शिक्का नाही. त्यांनी अर्ज करायचं ठरवलं तेव्हा खिडकीवरच्या बाईंनी शांतपणे दोन गोष्टी सांगितल्या. एक, उत्पन्न ५९ हजारांच्या आत असल्याचं हमीपत्र लागेल. दोन, इष्टांक संपलाय, जागा झाली की बघू. त्या बाईंचं काहीच चुकलं नाही. नियम तोच आहे.

मावशी मला म्हणाल्या, "ताई, वर्षाला एकोणसाठ हजारात इथं कोण राहतंय हो? महिन्याचे पाच हजार बी नाय होत. आमच्या खोलीचं भाडंच त्याच्या वर जातंय."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. मीरा-भाईंदरमध्ये पाच जणांचं कुटुंब ५९ हजारांत वर्ष काढतं हे तो नियम करणाऱ्यालाही खरं वाटत नसणार. मग ज्यांना शिक्का मिळाला त्यांनी काय लिहून दिलं? तुम्ही समजा. म्हणजे खरं बोललं तर धान्य नाही आणि धान्य हवं तर खोटं लिहा. गरिबाला खोट्या हमीपत्रावर सही करायला लावायची आणि वर "बघा, अपात्र लोक लाभ घेतात" म्हणून मोहिमा काढायच्या. मला या गोष्टीचा खरोखर संताप येतो.

आणि इष्टांक! हा शब्द ज्याने काढला त्याला नमस्कार. इष्ट कुणाला? त्याचा हिशेब असा: अन्नसुरक्षा कायद्याने देशातल्या खेड्यांत ७५ टक्के आणि शहरांत ५० टक्के लोकांपर्यंत धान्य पोचवायचं ठरवलं. मग २०११-१२ च्या नमुना पाहणीवरून राज्याराज्याची वाटणी झाली. महाराष्ट्राच्या वाट्याला आलं खेड्यात ७६.३२ टक्के आणि शहरात ४५.३४ टक्के. माणसं मोजली २०११ च्या जनगणनेची. एकूण ७ कोटी १६ हजार, त्यावर एकही नाही.

२०११ साली मीरा-भाईंदरची लोकसंख्या होती ८ लाख ९ हजार. त्याआधीच्या जनगणनेत, २००१ साली, ५ लाख २० हजार. म्हणजे दहा वर्षांत दीडपटीहून जास्त. हे शहर मुळी माणसं ओसंडून येण्यासाठीच झालेलं आहे. १९८५ मध्ये पाच ग्रामपंचायती एकत्र करून नगरपरिषद झाली, २००२ मध्ये महापालिका झाली. गिरगाव-दादरच्या चाळींतून जागा परवडेना म्हणून आलेले आपण आणि जालन्या-उस्मानाबादकडून पाऊस परवडेना म्हणून आलेल्या मावशी, सगळे याच फलाटावर उतरलो. २०११ नंतर आलेली, जन्मलेली माणसं त्या हिशेबात नाहीत. २०२१ ची जनगणना झालीच नाही.

बरं, तीच बाई कुठल्या खिडकीसमोर उभी आहे यावर ती गरीब आहे की नाही ते बदलतं, ही आणखी गंमत. धान्याच्या खिडकीवर ५९ हजार. कार्डाच्या रंगासाठी एक लाख, हा आकडा १९९९ पासूनचा. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा मर्यादा अडीच लाख, आणि पिवळं किंवा केशरी कार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखला नको. मावशींना ते दीड हजार मिळू लागले, केशरी कार्डाच्या जोरावर! जे कार्ड तांदळाच्या दुकानात चालत नाही ते बँकेच्या खात्यात चालतं. एकाच बाईची सरकारदरबारी तीन उत्पन्नं, आणि तिला विचाराल तर चौथंच सांगेल.

यावर नेहमीचं उत्तर असतं की मर्यादा वाढवा. ५९ हजारांचे दीड लाख करा. करावेच. पण त्याने चाळणीची भोकं मोठी होतील, चाळणी तशीच राहील. घरकाम, पॉलिश, नाक्यावरची मजुरी, उत्तनला मासळी सोलणं-सुकवणं, यातलं उत्पन्न कुठल्याच कागदावर नसतं आणि दर महिन्याला सारखंही नसतं. जे मोजता येत नाही त्याच्यावर रेघ मारायची आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी करायची, हा उद्योगच मला पटत नाही.

हे मी एकटी म्हणत नाही. नीलकंठ रथांनी स्वतः १९८५ मध्ये एक लेख लिहिला होता. तेव्हा एकात्मिक ग्रामीण विकास योजना जोरात होती. रेषेखालची कुटुंबं यादी करून निवडायची आणि त्यांना म्हैस, शेळ्या, शिलाई मशीन घ्यायला कर्ज द्यायचं. रथांनी आकडे मांडून दाखवलं की यातून फार थोडी कुटुंबं रेषेच्या वर जातील, आणि मजुरीचं काम देणं हाच गरिबांना हात देण्याचा बरा रस्ता आहे. म्हणजे ज्याने रेषा काढायला हात लावला तोच सांगत होता, की यादी करून माणसं वेचत बसू नका.

पण यादी करणं सरकारला सोयीचं असतं. यादीला शेवट असतो, खर्चाला कुंपण घालता येतं, कुणाचं नाव घालायचं आणि कुणाचं गाळायचं यात चार लोकांची सोय होते. हमीला कुंपण नसतं. जेवढे येतील तेवढ्यांना द्यावं लागतं. म्हणून हमी देणाऱ्यांच्या जिवावर येते.

रोजगार हमी म्हणजे रामराज्य होतं असं मुळीच नाही. खोटी हजेरीपत्रकं, महिनोन्‌महिने रखडलेली मजुरी, मुकादमाचा हिस्सा, हे सगळं आत्याकडूनच ऐकलेलं आहे. आणि १९८८ मधली एक गोष्ट तर फार बोलकी आहे. त्या वर्षी राज्यात किमान वेतन दुपटीच्या आसपास गेलं, ते रोजगार हमीलाही लागू झालं. जागतिक बँकेच्या रॅव्हेलियन, दत्त आणि चौधुरी या अर्थतज्ज्ञांनी नंतर आकडे तपासले. मजुरी वाढली तसे काम मागणारे वाढले, पण त्या मानाने कामंच काढली गेली नाहीत. कायद्यात हमी, प्रत्यक्षात जागा संपल्या. म्हणजे तिथेही इष्टांक आलाच, फक्त नाव न घेता. हमी मरते ती अशी. कायदा तसाच राहतो आणि खिडकी अर्धी लावून घेतात.

तरीसुद्धा हमीची कल्पना देशाने उचलली. २००५ च्या केंद्राच्या रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचाच धडा होता, आणि तो मांडणाऱ्यांत ज्याँ द्रेझ यांच्यासारखे अभ्यासक होते ज्यांनी आपल्या बहात्तरच्या दुष्काळावर लिहिलेलं आहे. मात्र तीही ग्रामीण भागापुरती. शहरासाठी केरळने २०१० मध्ये आणि राजस्थानने २०२२ मध्ये आपापल्या योजना काढल्या. जिथे ही कल्पना जन्मली त्या महाराष्ट्रात, देशातल्या सगळ्यात शहरी राज्यांपैकी एकात, शहरी मजुराला कामाची हमी नाही. दांडेकर-रथांच्या हिशेबात शहरातले निम्मे लोक रेषेखाली होते, आणि उपाय मात्र वेशीपाशीच थांबला. १९७१ मध्ये उगमाशी उपाय करा म्हणणं बरोबर होतं. आता मावशींचा उगम कुठला म्हणायचा? त्यांची मुलं भाईंदरच्याच शाळेत शिकली.

मला स्वतःला वाटतं की शहरात निदान धान्याच्या बाबतीत तरी स्वयंनिवड आणावी. उत्पन्नाची अट काढा. जो दुकानात येईल, अंगठा लावेल, जाडा तांदूळ आणि गहू खांद्यावर घालून नेईल त्याला द्या. लगेच प्रश्न येईल: मग काय टॉवरमधल्यांनाही फुकट तांदूळ द्यायचा? माझं उत्तर, टॉवरमधला येतोय का ते आधी बघा. आपल्या इमारतीतल्या किती जणांनी गेल्या दहा वर्षांत रेशनच्या दुकानाची पायरी चढली आहे? तमिळनाडूने १९९७ नंतरही रेषेवरची वर्गवारी घेतली नाही. तिथे तांदळाचं कार्ड हवं की तांदळाऐवजी जास्त साखर मिळणारं कार्ड हवं, हे घरानेच ठरवायचं असतं. ज्यांना रेशनचा तांदूळ नको ते साखर घेतात. सरकारला कुणाच्या चुलीत डोकवावं लागत नाही.

खर्च वाढेल, हा आक्षेप खरा आहे आणि मी तो झटकून टाकत नाही. किती वाढेल हे अर्थशास्त्राच्या विभागांनी मांडून दाखवावं. त्यासाठीच तर ते आहेत. कलिन्याला मुंबई विद्यापीठ आहे, पुण्याला गोखले संस्था आहे. एखाद्या विद्यार्थ्याने प्रबंधासाठी मीरा-भाईंदरमधली वीस दुकानं निवडावीत, शिक्का नसलेल्या केशरी कार्डांवरच्या माणसांना वर्षभर धान्य देऊन बघावं, किती येतात आणि कोण येतात ते मोजावं. मोजणं हे त्यांचं कामच आहे, आणि त्यात ते हुशार आहेत.

घाईचं कारणही आहे. जनगणना २०२७ मध्ये करायचं जाहीर झालेलं आहे. २०२२-२३ आणि २०२३-२४ अशा सलग दोन वर्षांच्या खर्चाच्या नमुना पाहण्या होऊन त्यांचे आकडे बाहेर आलेत. म्हणजे तो ४५.३४ चा आकडा आज ना उद्या बदलणार, नवा इष्टांक येणार, कदाचित नवी रेषाही. कुठल्या तरी विद्यापीठात कुणीतरी आत्ताच त्याची आकडेमोड करत बसलं असेल. एकदा तो आकडा ठरला की पुढची दहा-पंधरा वर्षं खिडकीवरच्या बाई तोच वाचून दाखवणार. आपल्या नात्यागोत्यात, ओळखीत कुणी अर्थशास्त्र शिकवत असेल किंवा शिकत असेल तर त्यांच्यापर्यंत ही भाईंदर पूर्वेची खोली आणि तिचं भाडं एवढं पोचवा.